ताईबाईंचं कोपर

एसटीच्या दुसऱ्या पायरीवर ताईबाईंचा पाय ठरला नाही. इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागली होती आणि दाराशी एकच झुंबड उडाली होती. ताईबाई पुढे होत्या, सून मेघना त्यांच्या मागे. वर चढलेला माणूस आपलं पोतं सावरायला मध्येच थांबला, मागून कुणीतरी रेटा दिला, आणि ताईबाईंच्या हातातली दांडी सुटली. त्या मागं कलल्या. तोल सावरायला त्यांनी हात मागं टाकला आणि त्यांचं कोपर मेघनाच्या पोटात बसलं.

लागलं तसं फार नव्हतं. श्वास अडकला आणि सुटला, एवढंच. पण तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं, आणि ते ऐकून तिची सासू पायरीवरच वळून उभी राहिली. मागची माणसं ओरडायला लागली.

"कुठं लागलं? पोटात लागलं का गं?"

"नाही, आत्या. चढा तुम्ही."

"खरं सांग."

"नाही लागलं म्हटलं ना. चढा, लोक खोळंबलेत."

खिडकीशी जागा मिळाली. मेघनानं पर्स पोटावर धरली आणि बाहेर बघत बसली. ताईबाई शेजारी बसल्या खऱ्या, पण अंग आक्रसून, दोघींच्या मध्ये एक वीत जागा सोडून. गाडी हलली तरी त्यांचं लक्ष मेघनाच्या चेहऱ्यावरच होतं.

तिसरा महिना नुकता लागला होता. याआधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं निघून गेलं होतं. पहिल्या वेळी मेघना एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर उभं राहून झालं, असं घरात ठरलं आणि नोकरी सुटली. दुसऱ्या वेळी ती घरातच होती. जड काही उचललं नव्हतं, कुठं गेली नव्हती, वावगं काही खाल्लं नव्हतं. त्या वेळी कारणच सापडेना. बारामतीजवळच्या जळोचीतल्या त्या घरात मग कारण शोधणं बंद झालं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच येऊन थांबायला लागल्या. शेजारच्या सारजाला ताईबाई ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, "हिच्या अंगातच काय तरी कमी हाय बग. ऱ्हातंय, पर टिकत न्हाय." मेघना आत भांडी लावत होती. ती ऐकते आहे हे ताईबाईंनाही ठाऊक होतं.

आजचं इंदापूरला येणंही सहज झालेलं नव्हतं. मेघनाच्या भावाच्या, समाधानच्या, पहिल्या मुलीचं नामकरण होतं. तिचा नवरा रविंद्र नको म्हणत होता. मेघना कधी नव्हे ती हट्टाला पेटली. शेवटी ताईबाईच म्हणाल्या, "मी जाती तिच्यासंगं. मोटारसायकल नगं, खड्ड्याखुड्ड्यातनं. यष्टीनं जाऊ, यष्टीनं येऊ." आणि दिवसभर त्या सुनेच्या शेजारी कुंपणासारख्या बसल्या. मांडवात पळणारी पोरं त्यांनी लांबूनच हाकलली. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, बाळ एकेकीच्या मांडीवर फिरत मेघनापर्यंत आलं, तेव्हा त्यांनी मध्ये हात घातला.

"तिच्याकडं नगं. पाय झाडतंय त्ये."

भावाच्या लेकीच्या गालाला मेघनानं नुसतं बोट लावून पाहिलं होतं.

निमगाव केतकीच्या पुढे गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. ताईबाईंनी हळूच हात पुढे केला, मेघनाच्या पोटापर्यंत नेला, आणि मध्येच मागे घेतला.

"दुखतंय का आता?"

"नाही, आत्या."

"व्हय म्हन, न्हाय म्हन, पर खरं बोल."

"खरंच नाही दुखत."

ते खरंच होतं. तरी बारामती येईस्तोवर त्यांनी तोच प्रश्न इतक्या वेळा विचारला, की शेवटी शेवटी मेघनालाही कुठंतरी दुखतंय असं वाटायला लागलं.

ताईबाईंनी ते लपवलं नाही. घरी पोचल्यावर लुगडं बदलायच्या आधी त्यांनी रविंद्रला सांगितलं, "माझं कोपर लागलं हिला. गाडीत चढताना." नाना, म्हणजे रविंद्रचे वडील, टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज बारीक केला. रविंद्रनं आधी आईकडे पाहिलं, मग मेघनाकडे.

"कुठं?"

"पोटातच. पण काही झालं नाही," मेघना म्हणाली.

"झालं नाही ना?"

"नाही."

चार-दोन दिवस खरंच काही झालं नाही. ताईबाई तिला पाण्याची कळशी उचलू देईनात. त्या गुरुवारी सकाळी भाकरीचं पीठ मळता मळता तिच्या कमरेतून एक कळ गेली. तिनं हात धुतले, न्हाणीघरात गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिला कुणाला काही सांगावं लागलं नाही. ताईबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. रविंद्र कंपनीतून यायचा होता. ताईबाई बाहेर बाकावर होत्या. त्यांच्या हुंदक्यांचा आवाज दार बंद असूनही आत येत होता. डॉक्टर मॅडमनी मेघनाला उठायला हात दिला आणि स्वतः स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"धक्का कधी लागला म्हणालीस?"

"रविवारी. सासूबाईंचं कोपर."

"हे बघ, वाढ कधीच थांबलेली आहे. रविवारच्याही आधी. बऱ्याच आधी."

मेघनाला नीटसं कळलं नाही. "म्हणजे कोपर लागलं तेव्हा…"

"तेव्हा ठोके नव्हतेच. आणि असते तरी तेवढ्यानं काही झालं नसतं. या दिवसांत पिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आत असते, चांगली जपलेली. कुणाचं कोपर लागलं, लहान मूल अंगावर पडलं, गाडी खड्ड्यात आदळली, म्हणून गर्भ जात नाही. बायका उगाच आयुष्यभर तेच धरून बसतात." मॅडमनी दाराकडे मान केली. "बाहेर सासूबाईच रडतायत ना? त्यांना सांग हे. नक्की सांग."

मेघनानं मान हलवली. रविवारी दिवसभर मांडवात पोरं हाकलत ताईबाई जे राखत बसल्या होत्या, ते तेव्हाच नव्हतं.

"आणि दुसरं," मॅडम म्हणाल्या, "तीनदा झालं आता. पुन्हा विचार करायच्या आधी तपासण्या करायला हव्यात. तुझ्या एकटीच्या नाही, दोघांच्या. मिस्टरांना घेऊन ये, मी समजावते."

तेवढ्यात नर्स बोलवायला आली; आत कुणीतरी बाळंत होत होती. मॅडम उठून गेल्या. मेघना थोडा वेळ तशीच बसून राहिली. नोकरी नव्हती, जड घागर नव्हती, खड्डा नव्हता. आता कारण म्हणून धरायला कोपरही नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा रविंद्र पोचला होता. कंपनीच्या कपड्यांतच होता.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"गेलं," ती म्हणाली.

ताईबाई बाकावरून घसरत फरशीवर आल्या. "म्या केलं ह्ये," त्या कपाळ बडवत म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं. ह्या हातानं झालं." समोरच्या बाकावरच्या बायका बघायला लागल्या. रविंद्र आईकडे बघत होता. त्याच्या तोंडावर असं काही होतं, जे मेघनानं याआधी दोनदा पाहिलं होतं; फक्त दोन्ही वेळा ते तिच्याकडे वळलेलं होतं.

तिनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, मॅडमनी दिलेलं, सोपं. 

"पाणी आहे का?" तिनं विचारलं.

रविंद्र धावत गेला, बाटली घेऊन आला, स्वतः झाकण काढून दिली. ती पाणी प्यायली. पिऊन होईपर्यंत ताईबाईंना कुणीतरी उठवून बाजूला नेलं होतं आणि ते वाक्य बोलायची वेळ निघून गेली होती.

त्यानंतर घर तिच्याशी जसं वागलं तसं लग्नाला सहा वर्षं होत आली तरी कधी वागलं नव्हतं. रविंद्र कामावरून येताना फळं आणायचा आणि स्वतः चिरून द्यायचा. नाना सकाळी फिरून आले की दारातूनच विचारायचे, "झोप लागली का बाळ?" सारजा भेटायला आली. मागच्या खेपेला हीच सारजा तिच्या पोटाकडे बघत बोलली होती. या वेळी तिनं मेघनाचा हात हातात घेतला. "तुझी काय चूक गं यात," ती म्हणाली. "नशीबच म्हनायचं. घरातल्याच मानसाचा हात लागावा." बोलताना तिनं आतल्या खोलीकडे डोळ्यानं खूण केली.  मेघनानं आपला हात सोडवून घेतला नाही.

ताईबाईंशी रविंद्र बोलेनासा झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. एकदाच तो बोलला, तेही ताटावरून उठताना: "तुला कुणी सांगितलं होतं संगं जायला?" ताईबाईंनी मान खाली घातली. मीच नेलं, मीच हट्ट केला, असं मेघनाच्या ओठावर आलं होतं. तिनं त्याच्या ताटातलं उरलेलं उचललं आणि ती आत गेली.

मेघनाला सर्वांत जड जायचं ते स्वयंपाकघरात. ती आत आली की ताईबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट धरलेली, वरून पदर गुंडाळलेला. ती बाहेर गेली की मगच त्या हलायच्या. आपलं अंथरूण त्यांनी पुढच्या पडवीत नेलं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायच्या. बोलणंही तुटक झालं. हिच्या अंगातच कमी आहे, असं पुन्हा कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. ज्या जिभेला मेघना इतकी वर्षं भीत होती ती जीभ गप्प झाली होती, आणि तिला उसासा टाकावा तसं हलकं वाटायचं. मग त्या हलकेपणाची तिला किळस यायची. सांगू, उद्या सांगू, असं करता करता उन्हाळा तापायला लागला.

सारजाची नात पिंकी सव्वा-दीड वर्षाची होती. तिला ताईबाईंचा भारी लळा. रोज सकाळी रांगत, धडपडत ओटा चढून ती यायची आणि ताईबाईंच्या लुगड्याला धरून उभी राहायची, उचलून घेईपर्यंत हलायची नाही. एका सकाळी मेघना कपडे वाळत घालत होती. पिंकी आली, लुगड्याला झोंबली. ताईबाई मागं सरकल्या. पोरगी पुन्हा पुढं झाली. ताईबाई आणखी मागं सरल्या, दाराच्या चौकटीला लागल्या.

"नगं बाय," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला येऊ नगं. जा. आजीकडं जा."

पिंकीला वाटलं खेळ आहे. ती हसली, दोन्ही हात वर केले. ताईबाईंनी आपले हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पोरगी आधी थांबली, मग मोठ्यानं रडायला लागली.

मेघनाच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. तो उचलताना तिनं ठरवलं.

संध्याकाळी रविंद्र हातपाय धुऊन बसला तेव्हा ती त्याच्यासमोर बसली.

"मला एक सांगायचंय. मॅडम त्या दिवशी म्हणाल्या होत्या, की ते आधीच थांबलं होतं. इंदापूरला जायच्या आधीच. आत्यांच्या कोपरानं काही झालेलं नाही."

रविंद्रनं तिच्याकडे पाहिलं. "मग इतके दिवस का बोलली नाहीस?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.  तिच्या गप्प राहण्यानं त्याचा चेहरा निवळला.

"कळतंय मला," तो म्हणाला. "आईचं हे असं तुला बघवत नाही. मलाही बघवत नाही. पण म्हणून असलं काही बनवून सांगू नको."

"बनवून नाही सांगत हो. मॅडमना विचारा हवं तर."

"डॉक्टर लोक समजूत घालायला सांगतातच तसं. बाहेर म्हातारं माणूस रडतंय म्हटल्यावर काय सांगणार? सोनोग्राफीत सगळा अंदाजच असतो."

"त्यांनी तपासण्याही करायला सांगितल्यात. दोघांच्या."

"दोघांच्या?"

"हो. तीनदा झालं म्हणून."

रविंद्र उठला. खुंटीवरचं हेल्मेट काढून त्यानं फडक्यानं पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. "कशाला?" तो पाठमोराच म्हणाला. "तू चांगली धडधाकट आहेस. कशानं झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आता उगाच नको ते उकरून काढायचं नाही." मग वळून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फार चांगली आहेस तू. आई तुला काय काय बोलली, आणि तू तिच्यासाठी…" त्याला पुढं बोलवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. नाना विहारात गेले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. मेघना शेजारी बसली तशा त्या ताट घेऊन मागं सरकल्या. ती पुन्हा जवळ सरकली आणि त्यांचा हात तिनं धरून ठेवला. मनगट हाडाहाडाचं झालं होतं. तिनं सगळं सांगितलं, मॅडम जशा बोलल्या तसंच, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

ताईबाई ऐकत होत्या. तांदळातली बोटं थांबली होती.

"डॉक्टरनीनं सांगितलं असं?"

"हो, आत्या."

"कवा?"

"त्याच दिवशी. तुम्ही बाहेर होतात तेव्हा."

ताईबाईंनी वर पाहिलं. डोळ्यांत कुठंतरी काही हललं, सुटू बघत होतं.  पण ते आलं तसंच परत गेलं. ताईबाईंनी हळूहळू मान हलवली.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलं असतं, तर त्याच दिशी तू मला नसतं का सांगितलं? एवढे महिने मला अशी जळताना बगत बसली असतीस व्हय? एवढी दुष्ट न्हाईस तू."

"मी नाही सांगितलं, आत्या. मी गप्प बसले. मला—"

ताईबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तांदळाचं पांढरं पीठ तिच्या ओठांना लागलं.

"पुरं. माझं मन राखायला खोटं बोलतीयास. म्या तुला न्हाय न्हाय ते बोलले, चारचौघींत बोलले. आनि तू माझ्यासाटी डॉक्टरनीच्या नावावर घालतीयास." त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवला, बोटं कानशिलाशी मोडली. "लई मोठ्या मनाची हायस."

मेघना हुंदका दाबून बसून राहिली. ती रडते आहे ती आपल्यासाठीच, असं वाटून ताईबाईंनी तिला जवळ घेतलं. मग एकदम भान आल्यासारखं करून सोडलं आणि कोपरं पदरात गुंडाळून घेतली.

त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. मेघनानं एकदा मॅडमना फोन करायचा म्हटला. मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत असं कळलं. पुन्हा केला नाही. मॅडमनी रविंद्रला सांगितलं असतं तरी, ही सुनेनंच त्यांना सांगायला लावलं असेल, असंच सगळ्यांना वाटलं असतं.

वैशाख संपता संपता ताईबाई सुप्याला लेकीकडे राहायला गेल्या. कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी राहा म्हटलं नाही. "तितं सुप्रियाला मदत बी व्हईल," एवढंच त्या बोलल्या. नानांनी पिशवी मोटारसायकलला अडकवून दिली. निघताना मेघना पाया पडायला वाकली तशा त्या झटकन बाजूला झाल्या, म्हणाल्या, "लांबूनच, लांबूनच," आणि लांबूनच त्यांनी हात वर केला. पिंकी सारजाच्या कडेवरून हात पसरत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी मेघनाला पुन्हा दिवस गेले. तपासण्या झालेल्या नव्हत्या. रविंद्रला तिनं आणखी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा त्यानं प्रेमानंच विषय बदलला होता. बातमी कळल्यावर त्यानं सगळं घर फिरून पाहिलं. खोलीतलं टेबल उचलून पडवीत नेलं, पलंग भिंतीला लावला, न्हाणीत पाय घसरू नये म्हणून जाड चटई टाकली. सारजाला जाऊन सांगून आला, की काही महिने पिंकीला इकडे सोडू नका. मग सुप्याला फोन लावला आणि मेघनाला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

त्यानं बातमी सांगितली. मग ताईबाई म्हणाल्या, "तिला जपा. मी येत न्हाय. ती हातीपायी मोकळी झाली, की मंग बाळाला लांबून बगून जाईन."

"बरं," रविंद्र म्हणाला. आईशी तो महिन्यांनंतर नीट बोलत होता. फोन ठेवून तो मेघनाकडे वळला. खूश होता. "आता बघ तू. या वेळी काही म्हणजे काही होत नाही."

दिवसभर मेघना त्या मोकळ्या झालेल्या घरात एकटी असायची. नाना ओट्यावर बसून राहायचे, आत यायचे ते खोकून. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून पडवीत, कशालाही न लागता तिला जाता यायचं. कधी कधी ती पलंगाच्या कडेला बसायची आणि भिंतीवरच्या टेबलाच्या जुन्या डागाकडे बघत राहायची, काही न करता, संध्याकाळपर्यंत.

सोनोग्राफीच्या दिवशी रविंद्रनं रजा काढली. गाडी सांगितली होती, रिक्षा नको म्हणून. दवाखान्यात बाहेर बाकावर तो पाय हलवत बसला. ती आत जायला उठली तेव्हा म्हणाला, "घाबरू नको. किती जपलंय आपण."

आत एसी गार होता. मॅडमनी तिला ओळखलं.

"तपासण्या राहिल्याच ना?"

"राहिल्या."

"आणि सासूबाईंना सांगितलंस का तेव्हा?"

"सांगितलं," मेघना म्हणाली.

मॅडमनी जेलची बाटली उचलली. जेल पोटावर पडलं तशी मेघनाच्या अंगावर शिरशिरी आली. पडद्याकडे बघायचं नाही असं ती घरून ठरवून आली होती. ती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होती. मॅडम आधी सहज बघत होत्या. मग हात मंद झाला. त्यांनी एका जागी तो थोडा दाबला, पुन्हा वळवला, पुन्हा त्याच जागी आणला. नर्सला त्या हळू काहीतरी म्हणाल्या आणि नर्सनं खोलीतला दिवा बंद केला.

बाहेर रविंद्र कुणाला तरी फोनवर सांगत होता, हो, हो, आत गेलीये, आत्ताच.

"मॅडम," मेघना म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "या वेळी मला कुणाचा धक्का लागलेला नाही हो."

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या, आणि पडदा त्यांनी आपल्याकडे वळवून घेतला.